आत्याची स्लाइड

प्रयोगशाळेत मला मागून 'लॅरिंक्सवाली' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही, कारण उंदराचं स्वरयंत्र नेमक्या जागी कापणं आमच्या विभागात माझ्याइतकं कुणालाच जमत नाही. पनवेलच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमची इमारत आहे. बाहेरून एखादी आयटी कंपनी वाटावी अशी. आत कारखान्यांनी पाठवलेली रसायनं प्राण्यांवर तपासली जातात. कधी खायला घालून, कधी कातडीला लावून, कधी हवेत मिसळून हुंगायला लावून. मी या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला बसते. उंदीर मेल्यावर त्याचे अवयव माझ्याकडे येतात. मी ते मेणात बसवते, केसाहून पातळ काप काढते, काचेच्या पट्टीवर चढवते, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवते आणि तयार झालेली स्लाइड सरांकडे पाठवते. सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट. बघायचं काम त्यांचं, दाखवायचं माझं.

उंदराचं स्वरयंत्र वाटाण्याएवढं असतं. अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून वरती एक झाकण असतं, आणि त्या झाकणाच्या मुळाशी एक एवढीशी जागा. नाकातून निसटून आत आलेली धूळ तिथल्या वळणावर आदळते. म्हणून हुंगलेल्या विषाची पहिली खूण बहुतेक वेळा तिथेच उमटते. काप जरा पुढे किंवा मागे गेला, तर स्लाइडवर सगळं ठीक दिसतं आणि रसायन निर्दोष सुटतं. ती जागा हाताला कळायला मला दोन वर्षं लागली.

उंदरांना हुंगवतात कसं, ते मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. पारदर्शक नळ्या असतात, एका टोकाला निमुळत्या. उंदीर आत सरकवला की मागून बूच लावतात. त्याला वळता येत नाही. नाक तेवढं पुढच्या भोकातून यंत्रात जातं आणि यंत्रात मोजूनमापून रसायनाची धूळ सोडलेली असते. दिवसाला सहा तास, आठवड्याला पाच दिवस, तीन महिने. पहिल्या दिवशी मी बाहेर येऊन जिन्यात बसले होते. मग सवय झाली.

घरी या कामाबद्दल खोदून विचारायची ती फक्त आत्या. 'त्यांना दुखतं का गो?' 'मेल्यावर जाळता का पुरता?' मी उत्तरं द्यायचे आणि ती मान हलवत मासे साफ करत राहायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला आणि ती कडेवर मुलगी घेऊन माहेरी आली, ती कायमची. मी तिच्याच हाताखाली वाढले. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून वरात दारात येईपर्यंत प्रत्येक विधीची गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आत्याला पनवेलपासून उरणपर्यंत बोलावणी यायची. तिचा आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा कडक, आणि मांडवाच्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्यापर्यंत पोचायचा. कुणी माइक पुढे केला तर ती हाताने बाजूला सारायची. 'यो लोखंडाचा कांदा माझ्या तोंडाशी नको.'

पण लग्नसराई काही वर्षभर नसते. आमच्या गावाची शेतं नव्या वसाहतीत गेली, मिठागरं भरावाखाली गेली, आणि जे काही मिळालं ते भावांच्या नावावर झालं. आत्याच्या नावावर काहीच नव्हतं. म्हणून गावातल्या आठ-दहा बायकांबरोबर तीही कंत्राटदाराच्या गाडीतून एका रसायनाच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. पिवळसर भुकटी गोणीत भरायची, गोणीचं तोंड शिवायचं, गोणी पुढे सरकवायची. आठ तास, आठवड्याचे सहा दिवस. संध्याकाळी घरी आली की तिच्या पदराला जळक्या रबरासारखा वास यायचा. हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा पिवळ्या राहायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका मोठ्या अभ्यासाचे नमुने माझ्याकडे यायला लागले. रसायनाला आमच्याकडे नाव नसतं, आकडा असतो. एका दुपारी कुठल्याशा कागदावर सही घ्यायला मी साठवणीच्या खोलीत गेले. दार उघडताच तो वास आला. फळीवर डबा होता आणि डब्यावर मूळ कारखान्याचं लेबल रसायनाच्या नावासकट तसंच राहिलेलं होतं. आत्याच्या ओळखपत्रावर जे चिन्ह होतं तेच, कारखान्याचं जे नाव होतं तेच.

मी सही घेतली, जागेवर आले आणि पुढचा काप काढला. काप नेमका आला. हे मला नीट आठवतं.

स्लाइड सरांकडे जाण्याआधी काप बरोबर आलाय का, ते मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेते. निरोगी उंदराच्या स्वरयंत्राचं अस्तर बघत राहावं असं असतं. उंच पेशी एका रांगेत उभ्या, माथ्यावर बारीक केस, भाताच्या कोवळ्या आवणासारखे. जास्त डोसच्या गटात ते आवण कुठेच नव्हतं. पेशी चपट्या होऊन थरावर थर बसल्या होत्या, जणू घशाच्या आत कातडी उगवली होती. मधल्या गटातही तेच. सगळ्यात कमी डोसच्या गटात काही सापडणार नाही असं मला वाटलं होतं. तिघांच्या स्वरयंत्रात सापडलं. थोडंसंच, पण तिथेच, झाकणाच्या मुळाशी.

सर खारघरला राहतात, हुशार आहेत आणि खोटं बोलत नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून ते कुणाला खलनायक वाटतील.

"सर, लो डोसमध्ये पण आहे," मी म्हणाले.

"बघितलं मी. मिनिमल आहे. अॅडॅप्टिव्ह."

"म्हणजे?"

"म्हणजे अस्तराने स्वतःला वाचवायला केलेला बदल. ही इजा नव्हे, जुळवून घेणं आहे. एक्स्पोजर थांबलं की बऱ्याच अंशी परत येतं. रिकव्हरी ग्रुप बघ ना."

रिकव्हरी ग्रुप म्हणजे ज्या उंदरांना तीन महिन्यांनंतर मारत नाहीत, तर महिनाभर स्वच्छ हवेत ठेवतात आणि मग तपासतात. सर बरोबर होते. कमी डोसच्या उंदरांत महिन्याभरात पेशींची रांग पुन्हा उभी राहिली होती.

"आणि माणसांत?" मी विचारलं.

"उंदीर नाकानेच श्वास घेतो. त्याच्या घशाची ठेवण वेगळी, ते त्याचं फार नाजूक ठिकाण. माणसांत तसंच होईल असं या डेटावरून म्हणता येत नाही." मग चष्मा पुसत ते म्हणाले, "होणार नाही असंही म्हणता येत नाही. पण तो आपला प्रश्न नाही."

अहवालात त्यांचं आधीचं वाक्य गेलं. नंतरचं गेलं नाही.

लग्नानंतर मी करंजाड्याला राहते. माहेर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्या रविवारी मी गेले. आत्या ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती.

"आत्या, तिथे तुम्हाला मास्क देतात का गो?"

"देतात तर. पावणं यायचं असलं की देतात. पावणं गेलं की परत घेतात."

"मग तू घरून रुमाल ने. नाकातोंडाला बांध."

"रुमाल बांदून बोलता येत नाय. आन आमी बोलत बोलतच काम करतो. नायतर झोप येल."

ती हसली. मीही हसले. का बांध, ते मी सांगितलं नाही. नोकरीला लागताना मी एका कागदावर सही केली होती की इथलं काहीही बाहेर बोलणार नाही. बोलले तर नोकरी जाईल ही भीती होती. पुढे बरेच दिवस मी स्वतःला हेच कारण देत राहिले. खरं कारण त्याहून लहान होतं. मला माझी नोकरी आवडायची. एसी खोली, पांढरा कोट, 'हा काप तुझ्याकडूनच हवा' हे सरांचं वाक्य. आमच्या घराण्यात तोवर कुणालाच कुणी असं म्हटलं नव्हतं.

मी पुढच्या स्लाइडी केल्या. प्रत्येक उंदराचं वजन नोंदलेलं असायचं, खाणंपिणं नोंदलेलं, श्वासाची घरघर ऐकू आली तर तीही नोंदलेली. एखादा जरा सुस्त दिसला तरी पशुवैद्य येऊन बघून जायचा. आत्याला कारखान्यात लागल्यापासून एकदाही कुणी तोंड उघडून दाखव म्हटलं नव्हतं.

पौषानंतरच्या पहिल्या लग्नांत जासईला एक लग्न होतं. आत्याची मुलगी तिकडेच दिलेली, त्यामुळे मांडवात सगळी ओळखीची माणसं. संध्याकाळी हळद सुरू झाली. आत्याने पहिला धवला म्हटला तेव्हाच मला आवाज जरा खरखरीत वाटला. तिसऱ्याला तो फाटला. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरुवात केली आणि नुसती हवा बाहेर आली. तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, शब्द नव्हता. शेजारच्या बायकांनी पटकन ती ओळ उचलून धरली, पण त्यांना पुढचं नीट येत नव्हतं. चार ओळींत त्या अडखळल्या. मग कुणीतरी डीजेवाल्याला खूण केली. आत्या पाटावर तशीच बसून राहिली, हळदीचा हात मांडीवर उलटा ठेवून.

महिना काढे आणि हळदीच्या दुधात गेला. मग मी तिला पनवेलला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं आणि विचारलं, "तंबाखू?"

"नाय."

"मिश्री?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. "सकाळी एकदा. दातांना."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. मी म्हणाले, "डॉक्टर, ती केमिकलच्या कारखान्यात पावडर भरते. काही वर्षं झाली."

"कुठली पावडर?"

मी पुढे वाकले आणि नाव सांगितलं. इतक्या हळू आवाजात की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"त्याने घशाला काही होतं असं लेखी काही आहे? एखादा रिपोर्ट?"

रिपोर्ट होता. आमच्या कपाटात होता, त्यातल्या अर्ध्या स्लाइडी माझ्या हातच्या होत्या. "नाही," मी म्हणाले.

"मग मी मिश्रीच लिहिणार. मिश्री सिद्ध आहे."

तो कागद घेऊन आत्या कंत्राटदाराकडे गेली, दुसऱ्या विभागात काम द्या म्हणायला. त्याने कागद वाचला, 'मिश्रीने घसा गेलाय तुझा, कंपनीवर कशाला आणतेस' म्हणाला, आणि पुढच्या सोमवारपासून तिचा गेटपास बंद झाला.

डॉक्टरांनी घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. मी त्या लॅबमध्ये गेले, दुसरं मत घ्यायचंय म्हणून सांगितलं आणि स्लाइड मागून घेतली. डब्याच्या पिशवीत घालून ती कामावर नेली. जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला तेव्हा मी ती माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. माणसाच्या आवाजाच्या पडद्यांवर मुळातच चपट्या पेशी असतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे चपट्या पेशी दिसल्या तर घाबरायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण तुकडा पडद्यांच्या वरच्या भागातला होता. तिथे केसांची रांग असायला हवी. ती नव्हती. थरावर थर होते, वर जाड पापुद्रा, आणि खालच्या काही पेशी वेड्यावाकड्या.

सर मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. "बघू," म्हणून ते वाकले. सवयीने विचारलं, "कुठला ग्रुप? हाय?"

त्यांनी स्लाइड जरा सरकवली आणि मान वर केली. "हे उंदराचं नाहीये."

"माझ्या आत्याचं आहे. ती आपलीच पावडर भरायची. गोणीत."

ते शेजारच्या स्टुलावर बसले. मग विचारलं, "मिश्री लावते?"

"हो."

"मग सांगता येणार नाही."

"सर, तुम्ही आधी काय विचारलंत? मिश्री विचारलीत का? तुम्ही ग्रुप विचारलात."

त्यांनी स्लाइड काढून माझ्या हातात दिली. "तिला तिथून काढ," ते म्हणाले.

"काढलंय. त्यांनीच काढलंय."

संध्याकाळी मला लेखी समज मिळाली. अभ्यासाच्या जागेत बाहेरचा मानवी नमुना आणणं नियमाविरुद्ध होतं आणि सरांनी ते कळवलं होतं. नियमच तसा आहे. त्यांच्या जागी असते तर मीही कळवलं असतं, असं मला वाटतं. समजपत्रापेक्षा मला तेच जास्त खुपतं.

आत्याला कॅन्सर निघाला नाही. निघू शकतो, लक्ष ठेवा, असं सांगितलं गेलं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लेझरने ऑपरेशन झालं. नंतर पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद होती. ती मुलीकडे जासईला राहिली. घरासमोरून कंटेनरचे ट्रेलर दिवसभर जात-येत असतात, त्यामुळे खिडक्या बंद. त्या बंद खोलीत मी तिच्या पलंगावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. डबा, वास, उंदीर, तीन कमी डोसचे, रिकव्हरी ग्रुप, सर. ती बोलू शकत नाही अशाच वेळी मी सांगायला गेले, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आलं असेलही.

तिने शांतपणे ऐकलं. मग हाताची बोटं उघडमिट करून विचारलं, किती? मला कळलं नाही. तिने माझ्या कपाळाला बोट लावलं, मग स्वतःच्या गळ्याला, आणि पुन्हा बोटं उघडली. तुला कळल्यापासून माझा आवाज जाईपर्यंत किती?

"आठ महिने," मी म्हणाले.

ती भिंतीकडे वळून झोपली.

पंधरा दिवसांनी परत गेले तेव्हा तिला बोलायची परवानगी मिळाली होती. आवाज म्हणजे सुपात धान्य सरकावं तसा एक सपसप आवाज होता. डॉक्टर म्हणाले होते, याहून फारसा सुधारणार नाही. मी दारात चपला काढत होते तेव्हा ती म्हणाली, "उंदरांना तुमी महिन्याची सुट्टी दिलीव ना? चांगल्या हवेत?"

"हो."

"मना कुणी दिली नाय."

मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं नाही. तिची मुलगी चहा घेऊन आली, तिला आत्या हळूच म्हणाली, "इला साखर कमी लागते." माझ्याशी त्या दिवशी दुसरं काही बोलली नाही.

मग मी एक गोष्ट केली. एका सकाळी रजा टाकून गावच्या नाक्यावर गेले, जिथे कंत्राटदाराची गाडी थांबते. आत्याच्या बरोबरच्या बायका उभ्या होत्या. त्यांना मी पावडरीचं नाव सांगितलं, मी कुठे काम करते ते सांगितलं आणि उंदरांच्या घशात काय दिसलं तेही सांगितलं. माणसांत होईलच असं कुणी म्हणत नाही, पण तोंड बांधल्याशिवाय गोणीजवळ उभं राहू नका, म्हटलं. दोघी त्या दिवशी गाडीत चढल्या नाहीत. बाकीच्यांतली एक म्हणाली, "तू इतकी शिकलीस, मग दुसरा काम दे आमाला." गाडी आली. ड्रायव्हरने सगळं ऐकलं होतं, त्याने कंत्राटदाराला सांगितलं असणारच.

मी वाट बघत राहिले. आज बोलावतील, उद्या काढतील. आठवडा गेला, महिना गेला. कुणी आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. आमच्या ऑफिसात नाही, त्यांच्या कारखान्यातून नाही, घरी नाही. माझ्या बोलण्याने कुणाला एवढासाही धक्का लागला नव्हता. ज्याच्या भीतीने मी आठ महिने गप्प बसले, ते घडलंच नाही. न चढलेल्या दोघींपैकी एक पुढच्या आठवड्यात परत कामावर गेली.

अहवालावर सह्या केव्हाच झाल्या होत्या. भुकटी अजून बनते. त्या बायकांपैकी एकीने तिच्याकडची रिकामी गोणी मला दाखवली, मिरच्या वाळवायला आणली होती. मी तिला ती फेकायला लावली. गोणीवर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती, धूळ श्वासात घेऊ नये अशा अर्थाची. इंग्रजीत.

मी अजून तिथेच काम करते. गेल्या दिवाळीत माहेरी सगळे जमलो होतो, आत्याही आली होती. पोरांशी ती त्या सपसप आवाजात बोलत होती, भावाला काहीतरी सुनावत होती, कुणाच्या तरी लग्नात नव्या धवलारणीने एक अख्खा धवला कसा गाळला ते सांगत होती. तिला दोन वाक्यांनंतर दम लागतो, त्यामुळे सगळे गप्प होऊन तिच्याकडे वाकतात. मीही वाकले. तिने बोलणं तोडलं, उठली, फराळाची ताटली भरून माझ्यापुढे ठेवली आणि आत निघून गेली. ताटलीत करंज्या जास्त होत्या, कारण मला आवडतात. मी त्या खाल्ल्या.